मासा आहे, पण तोंड उघडत नाही

थंडी वाढली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गळ कोणता घ्यावा, रीळ कोणते टिकते अशी चौकशी करणारे वाचक हिवाळ्यात एकच गाऱ्हाणे मांडतात: आडोशाची खाडी आहे, वारा लागत नाही, लाट नाही, बसायला जागा उत्तम आहे, आणि तरीही दिवसभर गळ टाकून हात हलवत परतावे लागते. अशा पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे देताना समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांतील समुद्र डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण माशाचे वागणे मुळातून बदलावे एवढे पाण्याचे तापमान तेथेच उतरते.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आमच्या खाडीत बऱ्यापैकी मासे लागत होते. फेब्रुवारीत दिवस मोठा झाला, ऊनही वाढले, पण चावा जवळजवळ बंद झाला. हे असे उलटे का व्हावे?

उत्तर : दिवस मोठा होऊ लागणे आणि समुद्र तापू लागणे यांत बरेच अंतर असते. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, परंतु समुद्राचे पाणी सर्वसाधारणपणे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सर्वांत थंड असते, कारण पाणी उष्णता सावकाश घेते आणि सावकाशच सोडते. आपण ज्याला हिवाळ्याचा शेवट समजत होता, तो पाण्याच्या दृष्टीने हिवाळ्याचा ऐन मध्य होता.

त्यात खाडी उथळ असेल तर आणखी एक गोष्ट घडते. उथळ पाण्याचा साठा लहान असल्यामुळे दोन-चार कडक रात्रींतच खाडीचे तापमान बाहेरच्या समुद्रापेक्षा खाली जाते, आणि वसंताच्या सुरुवातीला तीच खाडी बाहेरच्या समुद्राच्या आधी उबदार होते. म्हणून हिवाळा उतरणीला लागेपर्यंत पुष्कळसे मासे खाडीच्या तोंडाशी किंवा त्याबाहेरच्या खोल पाण्यात थांबलेले आढळतात. जे आत राहतात त्यांची भूक मंदावलेली असते. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याइतकेच असते, आणि पाणी दहा अंशांनी थंड झाले की त्यांच्या शरीरातील व्यवहारांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. उन्हाळ्यात एका दिवसात पचणारे खाद्य पचायला मग दोन-तीन दिवस लागतात. ज्याचे पोट अजून रिकामे झालेले नाही, तो मासा आपले आमिष पाहूनही हलत नाही, यात त्याचा रुसवा काहीच नाही. थंडीत पांघरुणात पडलेला माणूस ताट हाताशी आणून ठेवले तर चार घास खातो, पण त्यासाठी उठून स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. हिवाळ्यातील माशाचेही तसेच असते, आणि पुढील बहुतेक उत्तरांचा रोख ताट त्याच्या हाताशी कसे पोहोचवावे याकडेच आहे.

मात्र मासा खरोखरच निघून गेला असण्याची शक्यताही विसरू नये, आणि येथे जातीचा विचार करावाच लागतो. युरोपच्या किनाऱ्यावरील फ्लाउंडर हा चपटा मासा हिवाळ्याच्या उत्तरार्धात अंडी घालण्यासाठी खाडी सोडून खोल समुद्राकडे जातो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर विंटर फ्लाउंडर या नावाने ओळखला जाणारा मासा बरोबर उलटे करतो. तो थंडीत बाहेरून उथळ खाड्यांत येतो आणि तेथेच अंडी घालतो. या दुसऱ्या माशाच्या रक्तात हिवाळ्यात गोठणरोधक प्रथिने तयार होतात. समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, तर सामान्य माशाचे रक्त त्याच्या कितीतरी आधी गोठू लागेल. अंटार्क्टिकातील माशांच्या अभ्यासातून आर्थर डीव्हराईज यांनी १९६०च्या दशकात या प्रथिनांचे कोडे प्रथम उलगडले. कॉड हा तर थंड पाण्याचाच मासा असून इतर जाती सुस्तावतात तेव्हाही तो खात असतो. त्यामुळे आपल्या खाडीत हिवाळ्यात कोणती जात राहते, कोणती येते आणि कोणती जाते, याची माहिती करून घेतल्याशिवाय फेब्रुवारीतल्या रित्या पिशवीचा दोष थंडीला किंवा नशिबाला देऊ नये.

प्रश्न : नोकरीमुळे मला महिन्यातून मोजकेच दिवस मिळतात. थंडीत कोणता दिवस आणि कोणती वेळ निवडावी? पहाट उत्तम, असे सर्वत्र वाचायला मिळते.

उत्तर : पहाटेचा सल्ला उन्हाळ्यातला आहे आणि तो हिवाळ्यात जसाच्या तसा पाळण्यात, माझ्या मते, सर्वांत अधिक वेळ वाया जातो. उथळ खाडीत पहाटे पाणी दिवसातील सर्वांत थंड अवस्थेत असते. हिवाळ्यात जागा शोधण्यापेक्षा वेळ शोधणे अधिक फलदायी ठरते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखलाचा पट्टा खाडीत असेल, तर सारा हिशेब त्याच्याभोवती मांडावा. निरभ्र दिवशी दुपारी हा चिखल ऊन शोषून घेतो, आणि त्याच्यावरून पसरत येणारे भरतीचे पाणी त्याची ऊब उचलते. हा फरक बोटांना क्वचितच जाणवेल, परंतु थंडीने मंदावलेल्या माशाला तो पुरेसा असतो. शिवाय त्याच चिखलात गांडुळासारखे समुद्री किडे आणि लहान शिंपले असल्यामुळे मासा पाण्याच्या कडेबरोबर आत सरकतो. याउलट रात्रभर उघडा राहून गारठलेल्या चिखलावर सकाळची भरती चढली, तर तीच जागा येणारे पाणी आणखी थंड करते. म्हणजे जागा तीच, भरतीही तेवढीच, पण दुपारची भरती माशाला आत बोलावते आणि सकाळची त्याला बाहेर थोपवून धरते.

आता अशी दुपारची भरती केव्हा मिळेल हे पंचांग आणि भरतीचे कोष्टक समोर ठेवून आधीच ठरवता येते. जेथे दिवसातून दोनदा भरती येते, तेथे दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असते, त्यामुळे भरतीची वेळ दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या मोठ्या भरत्या अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतात, तर अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरत्या लहान असतात. पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, एखाद्या ठिकाणी उधाणाची पूर्ण भरती नेहमी दिवसाच्या जवळजवळ एकाच सुमारास येते. समजा, आपल्या खाडीत ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असेल, तर उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटी भर दुपारी असणार, चिखल उन्हात सर्वाधिक उघडा पडणार आणि पाणी दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यावर चढत राहणार. अशा खाडीसाठी अमावास्या-पौर्णिमेनंतरचे निरभ्र दिवस राखून ठेवावेत. आपल्या खाडीत उधाणाची पूर्ण भरती दुपारी बाराला येत असेल, तर मात्र त्या दिवशी चिखल पहाटे उघडा पडतो आणि त्याचा उपयोग होत नाही. तेथे उधाणानंतर तीन-चार दिवस थांबावे, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाला सुरू होऊन दुपारी तीनच्या आसपास पूर्ण होते.

भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीच्या बाराव्या भागाएवढे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग, असा जुन्या खलाशांचा ठोकताळा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मी भरती चढते. खाडीच्या आतल्या अंगाला, जेथे प्रवाह मुळातच क्षीण असतो, हेच दोन तास महत्त्वाचे, कारण आमिषाचा वास वाहून नेण्याइतकी हालचाल पाण्याला तेव्हाच मिळते. खाडीच्या अरुंद तोंडाशी याच्या उलट वागावे. तेथे ऐन भरतीत प्रवाह एवढा जोरकस असतो की थंडीतला मासा त्याच्याशी झुंजत बसत नाही. पाणी थबकण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास तेथे हाती लागतो.

भूमध्य किंवा बाल्टिक समुद्राच्या ज्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटी नगण्य असते, तेथे कोष्टकाऐवजी वारा पाहावा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा वरचे गारठलेले पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खालचे पाणी आत येते, जे हिवाळ्यात पुष्कळदा तुलनेने उबदार असते.

दिवसाच्या निवडीबाबत एवढेच सांगतो की तापमान किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेला चालले आहे हे पाहावे. सलग तीन-चार सौम्य दिवसांनंतरचे थंड पाणी, एका रात्रीत अचानक उतरलेल्या त्याहून उबदार पाण्यापेक्षा चांगले, असा बहुतेक अनुभवी गळकऱ्यांचा निर्वाळा आहे.

प्रश्न : खाडीत खोल पात्र, खडकाळ कडा आणि समुद्री गवत असे तिन्ही आहे. हिवाळ्यात मासा यांपैकी कोठे असतो? तळाचे पाणी उबदार असते हे खरे का?

उत्तर : तळाचे पाणी नेहमीच उबदार असते असे नाही, आणि हा गैरसमज गोड्या पाण्याच्या तळ्यांवरून आलेला असावा. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे गोठत्या तळ्याच्या तळाशी ४ अंशांचे पाणी टिकून राहते. समुद्राचे खारे पाणी मात्र गोठेपर्यंत जड होतच जाते, म्हणून वर गारठलेले पाणी खाली बुडते आणि उथळ खाडीत वरपासून तळापर्यंत सगळेच सारखे थंड होऊ शकते. अपवाद त्या खाडीचा, जिला नदी किंवा मोठा ओढा मिळतो. तेथे थंड पण हलके गोडे पाणी वर तरंगते आणि त्याच्याखाली समुद्राचे जड, खारे आणि अधिक उबदार पाणी सरकत येते. अशा खाडीत मासा खोल पात्राच्या तळाशी मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक.

आपली खाडी कोणत्या प्रकारची आहे हे घरगुती साधनाने तपासता येते. रुंद तोंडाच्या जाड बाटलीत साधा तापमापक ठेवावा, बाटलीला शिसे बांधावे आणि तोंडावर सैलसर बूच बसवून त्या बुचाला वेगळी दोरी बांधावी. बाटली तळाला टेकली की बुचाची दोरी झटका देऊन ओढावी; बुडबुडे वर येतील आणि बाटलीत तळाचेच पाणी भरेल. पाचेक मिनिटांनी ती भराभर वर खेचून आकडा वाचावा, आणि मग पृष्ठभागाच्या पाण्याचाही वाचावा. एक अंशाचा फरक दिसला तरी त्या दिवशी गळ कोठे टाकायचा हे ठरले.

तिन्हींपैकी निवड करायची झाल्यास मी खोल पात्राचा उतार निवडतो. त्यातही पात्राचा मध्य नव्हे, तर चिखलाचा पट्टा संपून उतार सुरू होतो ती कड, कारण मासा पात्रात विसावतो आणि खाण्यासाठी कडेपर्यंतच चढतो. खडकाळ कडेवरचे रास (wrasse) जातीचे मासे थंडीत कपारीत शिरून जवळजवळ निश्चल होतात, तेव्हा उन्हाळ्यातील त्या आवडत्या जागांचा मोह आवरावा. समुद्री गवत थंडीत विरळ होते.

प्रश्न : रॉडचे टोक थरथरते, मी झटका देतो आणि गळ रिकामा येतो. दिवसभर हाच प्रकार. गळ बदलून पाहिले, आमिष बदलून पाहिले. चूक कोठे आहे?

उत्तर : आपण लिहिलेल्या वर्णनावरून चूक झटक्यात आहे. हिवाळ्यातील चपटा मासा आमिष गिळत नाही, ते ओठांत धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. रॉडच्या टोकाला जाणवणारी पहिली थरथर म्हणजे आमिषाची कड त्याच्या तोंडात असणे, एवढेच. त्या क्षणी दिलेला झटका आमिष त्याच्या तोंडातून काढून घेतो. थरथर जाणवली की हात रॉडवरून दूर ठेवावा, दोरी हातभर सैल सोडावी आणि मिनिट-दोन मिनिटे काहीही करू नये. पुढची खूण दोहोंपैकी एक असते. एक तर टोक सावकाश, ओझे लटकावल्यासारखे वाकते आणि वाकलेलेच राहते. किंवा ताठ असलेली दोरी अचानक ढिली पडून पाण्यावर लोंबकळते. ही दुसरी खूण अनेकांना चावा वाटतच नाही. वस्तुतः माशाने आमिष उचलून, हलके शिसे सोबत घेऊन, आपल्याच दिशेने पोहायला सुरुवात केलेली असते. अशा वेळी झटका न देता रीळ शांतपणे फिरवून ढील काढावी आणि वजन लागेपर्यंत गुंडाळत राहावे.

टोक आत वळलेले वर्तुळाकार गळ या संथ चाव्यासाठी फार सोयीचे आहेत. त्यांना झटका चालतच नाही. दोरी हळूहळू ताणली की गळ घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि मासा गळ पोटापर्यंत गिळण्याचे प्रमाण कमी होते. ज्यांना हात आवरत नाही त्यांनी हेच वापरावेत.

आता साहित्याविषयी. गळाचा आकार उतरवावा. गळांच्या क्रमांकांत ६ हा ४ पेक्षा लहान असतो आणि १ च्या पुढे १/०, २/० असे मोठे होत जातात, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. चपट्या माशांसाठी ४ ते ६ क्रमांकाचा बारीक तारेचा, अणकुचीदार गळ हिवाळ्यात पुरे. शिसे प्रवाहात जेमतेम टिकेल एवढेच असावे आणि दोरीवर सरकते ठेवावे, म्हणजे आमिष उचलणाऱ्या माशाला त्याचे ओझे जाणवत नाही. मुख्य दोरी विणलेली घेतली तर ती ताणत नसल्यामुळे बारीक चावाही टोकापर्यंत पोहोचतो. नायलॉनची दोरी ताणली जाऊन तो वाटेतच गिळून टाकते. गळाजवळचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांना जोडणारा शेवटचा तुकडा, मात्र फ्लुरोकार्बनचा असावा. हिवाळ्यात सूक्ष्म वनस्पती कमी असल्यामुळे शांत खाडीचे पाणी नितळ होते आणि माशाला दोरी दिसते. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवला जातो याचे माप) सुमारे १.४२ आहे, नायलॉनचा १.५३ च्या आसपास आणि पाण्याचा १.३३, म्हणून पहिला पाण्यात अधिक सहज लपतो.

आमिष लहान, मऊ आणि ताजे हवे. समुद्री गांडुळाचा दोन बोटपेरांएवढा तुकडा, शिंपल्यातील मांस किंवा माकुळाची अरुंद पट्टी यांपैकी काहीही चालेल. शिंपल्याचे मांस गळावर टिकत नाही, म्हणून त्यावर बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे चार वेढे घ्यावेत, पण ते इतके घट्ट नसावेत की गळाचे टोकच मांसात दडून जाईल. आमिषातील रस पाण्यात धुपून जातो. दर वीस मिनिटांनी ते बदलावे, मग ते कितीही चांगले दिसत असो.

आणि बदलताना जुने आमिष फेकण्यापूर्वी नीट पाहावे, कारण पाण्याखाली काय चालले आहे याचे ते एकमेव लेखी उत्तर असते. आमिष जसेच्या तसे परत आले, खेकड्यानेही त्याला शिवलेले नाही, तर त्या जागी तळ पूर्ण गारठलेला आहे आणि जागा सोडावी. कडा बारीक कातरलेल्या असतील तर खेकडे आहेत. म्हणजे तेथे तळाशी अजून हालचाल आहे, थांबायला हरकत नाही. गांडुळाची नुसती रिकामी, चिंबलेली कातडी आली, आतला गर चोखून घेतलेला असला, तर तो मासाच होता आणि आपण झटका लवकर दिला होता. आपण पाठवलेल्या पत्रात रिकाम्या गळाचा उल्लेख आहे, पण त्यावर काही शिल्लक होते का, हे लिहिलेले नाही; पुढच्या खेपेस ते पाहून कळवावे.

प्रश्न : वायुभारमापकाचा काटा घसरला की मासा खाणे सोडतो, असे आमच्याकडील जुनी मंडळी सांगतात. मोबाइलवर आता रोजचा वायुभार दिसतो. तो पाहून जावे का?

उत्तर : निरीक्षण खोटे नसावे, कारण मात्र दुसरेच असावे. हवेच्या दाबातील १ हेक्टोपास्कलचा फरक हा पाण्याच्या सुमारे १ सेंटिमीटर खोलीएवढा असतो. मोठे वादळ येताना वायुभार ३० हेक्टोपास्कलने उतरला, तर माशाला तो जेमतेम ३० सेंटिमीटर वर आल्यासारखा जाणवेल. तीन मीटरच्या साध्या भरतीत तोच मासा दिवसातून दोनदा याच्या दसपट फरक सोसतो आणि खातही राहतो. वायुभारासोबत जे येते ते महत्त्वाचे: ढग, वारा, लाट, गढूळपणा आणि तापमानातील बदल.

वादळाचा उपयोग करून घ्यायचा असेल तर ते ओसरल्यावर जावे. खुल्या किनाऱ्यावर लाटांनी तळ उपसून किडे आणि शिंपले बाहेर काढलेले असतात, ते खाडीच्या तोंडातून आत लोटले जातात, पाणी किंचित गढूळ असते, आणि एरवी दिवसा न हलणारा मासा त्या मंद उजेडात बिनधास्त फिरतो. वारा पडल्यानंतरचे पहिले दोन दिवस आडोशाच्या खाडीत हिवाळ्यातील सर्वोत्तम दिवसांत गणले जातात. मात्र सोबत पावसाचे थंड गोडे पाणी मोठ्या प्रमाणावर आले असेल, तर नदीच्या मुखाकडचा भाग टाळून समुद्राच्या बाजूला बसावे.

प्रश्न : थंडीत कृत्रिम आमिष चालते का? मला जिवंत किडे हाताळणे आवडत नाही.

उत्तर : चालते, पण अपेक्षा उतरवून. नेहमीच्या निम्म्याहून कमी वेगाने ओढावे, तळाला टेकवून थांबवावे आणि थांबलेले असतानाच अधिक लक्ष द्यावे. लाल रंगावर पैसे खर्च करू नयेत. पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खाली तो रंग काळपट दिसतो. किडे नको असतील तर माकुळाची पट्टी वापरावी. ती मेलेली असते, स्वच्छ असते आणि मला तरी ती रबरी माशापेक्षा केव्हाही अधिक भरवशाची वाटते.

प्रश्न : खाडी शांत असल्यामुळे मी लहान होडीतून एकटाच जातो. खोली फारशी नाही, किनारा दिसतो. जीवरक्षक जाकीट जाड कपड्यांवर अडचणीचे होते. ते हवेच का?

उत्तर : हवेच. शांत खाडीतील थंड पाणी खवळलेल्या समुद्रातील थंड पाण्याइतकेच थंड असते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी लोकप्रिय केलेला १-१०-१ हा नियम पाठ करावा: गारठलेल्या पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला सुमारे १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटे, आणि शरीर थंड होऊन शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. पहिल्या मिनिटात माणूस अनावरपणे धापा टाकतो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पोहण्याचे कौशल्य कामी येत नाही. शुद्ध हरपायला तास लागतो याचा उपयोग ज्याच्या अंगावर जाकीट आहे त्यालाच होतो. ज्याच्या अंगावर नाही, तो दहा मिनिटांनंतर हात चालेनासे झाल्यावरच बुडतो. किनारा दिसतो म्हणून तेथे पोहत जाता येईल असे समजू नये. पाण्यात पडल्यास आधी श्वास सावरावा, मग त्या दहा मिनिटांत होडीत परत चढण्याचाच प्रयत्न करावा, आणि होडीला त्यासाठी लहानशी दोरीची शिडी कायमची बांधलेली असावी. फुगणारे पातळ जाकीट जाड कपड्यांवरही अडचण करत नाही, पण ते सर्व कपड्यांच्या वर घालावे. आत घातलेले जाकीट फुगले की छाती आवळते. एकट्याने जाणे टाळता आले तर टाळावे, आणि परतण्याची वेळ घरी कोणाला तरी सांगून ठेवावी.

प्रश्न : हिवाळ्यात आमच्याकडे लहान मासे पुष्कळ लागतात. ते परत सोडले तर जगतात का?

उत्तर : थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळलेला असतो, त्यामुळे नीट सोडलेला मासा हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा बरा सावरतो. धोका हवेतील गारठ्याचा असतो. तापमान शून्याखाली असेल तर माशाचे कल्ले आणि डोळे हवेत फार लवकर गोठू लागतात, म्हणून गळ शक्यतो पाण्यातच सोडवावा, हातमोजा काढून हात ओला करूनच माशाला स्पर्श करावा आणि त्याला गारठलेल्या दगडावर किंवा बर्फावर ठेवून मोजमाप करू नये. मोजपट्टी आधीच पाण्यात भिजवून तयार ठेवावी. गळ खोल गिळलेला असेल तर तो उपटून काढण्यापेक्षा लीडर तोंडाजवळ कापून मासा सोडणे बरे. कोणत्या जातीसाठी किमान लांबी किती आणि कोणत्या महिन्यांत बंदी आहे, याचे नियम प्रत्येक किनाऱ्यावर वेगळे असतात. अंडी घालण्यासाठी खाडीत आलेल्या माशांबाबत ते हिवाळ्यातच अधिक कडक असू शकतात, तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी स्थानिक मत्स्यव्यवसाय खात्याकडून ते तपासून घ्यावेत.